हाक न मारणारं घर

तिला लोक कानस म्हणायचे. तोंडावर नाही, तेवढी कोणाची छाती नव्हती. तोंडावर सगळे ताई म्हणायचे आणि तिची पाठ वळली की कानस. नावाला कारणं दोन होती. करवतीच्या पात्याला धार लावायचं काम ती स्वतः करायची, हातात कानस घेऊन, एकेक दात पुढे सरकवत, आणि त्यात तिचा हात धरणारं सबंध बाजारात कोणी नव्हतं. दुसरं कारण तिची जीभ. ओलं लाकूड वाळलेलं म्हणून गळ्यात मारायला आलेल्या माणसाला ती असं काही सोलून काढायची की बिचारा जाताना आपलीच गाडी शोधत फिरायचा.

राग तिच्या नाकावर असायचा हे खरं, पण तो काही आभाळातून पडलेला नव्हता. बाप गेला तेव्हा तिला विशीही लागली नव्हती. भाऊ शाळेत, आई हातपाय गाळून बसलेली. वखार विकून मोकळे व्हा असं सांगायला काका आले, तर हिनं त्यांना बसा म्हणूनसुद्धा म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ओंडक्याला हात लावला तो लावलाच. पहिल्याच वर्षी डाव्या करंगळीचं टोक पात्यानं नेलं. लोक सांगतात, हिनं बोट बांधलं, हातातला ओंडका कापून संपवला आणि मग दवाखाना गाठला. ती म्हणते, सगळं खोटं, आधी मी पोटभर शिव्या घातल्या. लग्नासाठी एकजण बघायला आला होता. लग्नानंतर वखारीत जाणं काही बरं दिसणार नाही, म्हणाला. हिनं विचारलं, "आणि तुम्ही ऑफिस कधी सोडताय?" पाहुणे अर्धा चहा टाकून उठले आणि तो विषय तिथंच मिटला.

आता या वखारीची एक रीत सांगायलाच हवी, कारण सगळा घोटाळा त्या रीतीनंच केला. वखार पुढे, घर मागे, मधे एक भिंत. सकाळी मोटर सुरू झाली की दिवस मावळेपर्यंत करवत अशी कर्कशायची की माणसानं माणसाला हाक मारण्यात काही अर्थच नसायचा. म्हणून तिथं कोणी कोणाला हाक मारायचं नाही. पंजा दाखवला की थांब. दोन बोटं म्हणजे दोन इंची फळी. कोणाला बोलवायचं तर जवळ जाऊन खांद्यावर थाप. काही काढून हवं असेल तर त्याचं मनगट धरायचं आणि त्याला त्या वस्तूपाशी नेऊन उभं करायचं. ही सवय भिंत ओलांडून घरात कधी शिरली ते कोणाला कळलं नाही. जेवण तयार झालं की आई स्वयंपाकघरातलं बटण दोनदा दाबायची, वखारीतला दिवा उघडमीट करायचा आणि मंडळी हात धुवायला निघायची. वर्षानुवर्षांच्या आवाजानं सगळ्यांचेच कान थोडे अधू झालेले. शेजारी म्हणायचे, यांच्या घरात भांडण झालेलं हातवाऱ्यांवरून कळतं.

अशा घरात धाकट्या भावाला मुलगी झाली.

पोर गुटगुटीत, कुरळ्या केसांची. रडणं नाही, हट्ट नाही, कडेवर घ्या म्हणून मागे लागणं नाही. चालायला लागली आणि लगेच स्वतःभोवती गिरक्या घ्यायला लागली. ती फिरायची आणि चक्कर बघणाऱ्याला यायची. गोल फिरणारं काही दिसलं, ट्रॉलीचं चाक म्हणा, पंखा म्हणा, डब्याचं झाकण म्हणा, की तिचा मुक्काम तिथंच. म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायला लागले. आजी आल्यागेल्याला सांगायची, "आमची नात फार शहाणी. बसवली तिथं बसते, कोणाला त्रास नाही." बिस्किट हवं असलं की भिंगरी जवळच्या माणसाचं मनगट पकडायची, ओढत न्यायची आणि त्याचा हात डब्याच्या झाकणावर ठेवायची. माणसाच्या तोंडाकडे बघायची नाही. ताईला याचं कोण कौतुक. "बघा, बघा," ती कामगारांना दाखवायची, "वखारीतली पोर. बोलायची गरजच काय हिला." मधे केव्हातरी पोर 'दे' म्हणायला लागली होती, 'पापा' म्हणायला लागली होती. ते शब्द बंद पडले, तेही ताईच्या ध्यानात राहिलं नाही.

आणि मग मोटर जळाली.

मोटर दुरुस्तीला गेली आणि वखारीत इतकी शांतता पसरली की कामगार उगाच कुजबुजत बोलायला लागले. ताई दारापाशी बसून पात्याला धार लावत होती. भिंगरी तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसली होती, एक झाकण गरागरा फिरवत. तेवढ्यात दारंखिडक्या करणारा सुतार आला. जुनं गिऱ्हाईक. त्याच्या कडेवर त्याची धाकटी, भिंगरीपेक्षा चार महिन्यांनी लहानच. फळ्यांच्या थप्पीवर मांजर बसलं होतं. सुताराच्या मुलीनं बोट केलं. मांजराकडे बघितलं, मग बापाच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा मांजराकडे. "माऊ." बापाचं लक्ष फळ्यांत. तर तिनं त्याची हनुवटी धरून तोंड वळवलं. "हो गं बाई, माऊ," तो म्हणाला, तेव्हा कुठं तिचं समाधान झालं.

ताईचा हात थांबला. काय खटकलं ते तिला सांगता आलं नसतं, पण मनात पाल चुकचुकली. ती पोर बापाला काही मागत नव्हती. नुसतं दाखवत होती. मी बघतेय ते तूही बघ, एवढंच तिचं म्हणणं. भिंगरीनं आजवर कोणाला काय दाखवलं होतं?

सुतारानं निघताना गंमत म्हणून हाक मारली, "भिंगरे, येतेस का आमच्याकडे?" भिंगरी झाकण फिरवत राहिली. तो जवळ आला, पुन्हा हाक मारली. मग अगदी पाठीशी उभा राहून मारली. "ताई," तो हळूच म्हणाला, "पोरीला ऐकायला कमी येतं का हो?"

"तुला बोलायला जास्त येतं," ताई म्हणाली. "फळ्या घे आणि नीघ."

तो गेल्यावर तिनं स्वतः हाक मारली. मारली आणि तिच्या लक्षात आलं, या पोरीला आपण जन्मात पहिल्यांदा हाक मारतोय. एवढे दिवस खांद्यावर थाप मारली, उचललं, ओढलं, कुरवाळलं. हाक मारायची वेळच आली नव्हती. तिनं पुन्हा हाक मारली. खऱ्या नावानं मारली, लाडाच्या नावानं मारली. झाकण तेवढं फिरत होतं.

आपल्या मेल्या करवतीनं पोरीचे कान खाल्ले, हा पहिला विचार. पण ती हातावर हात धरून बसणारी बाई नव्हे. ती उठून आतल्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं आणि बिस्किटाच्या पुड्याचा कागद अगदी हलकेच चुरगाळला. दार ढकलून भिंगरी आत हजर. ताईला आधी हायसं वाटलं, कान शाबूत आहेत. आणि दुसऱ्याच क्षणाला प्रश्न पडला. कागद ऐकू येतो, मग नाव का नाही?

भावाला तिनं कानाचंच निमित्त सांगितलं. कान म्हटल्यावर तो तयार झाला. कानाचा त्रास म्हणजे कसा, चारचौघांत सांगता येतो. बहीणभाऊ पोरीला घेऊन गल्लीतल्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी बॅटरी लावून दोन्ही कानांत बघितलं. "कान स्वच्छ आहेत. घरात तुम्ही सगळेच कमी बोलता, म्हणून हिला उशीर. तीन वर्षांपर्यंत थांबा, बोलेल."

"तुम्ही तिला एकदा हाक मारून बघा," ताई म्हणाली.

"अहो ताई, बाहेर रांग आहे."

"रांग तुमची आहे. पोर आमची आहे."

डॉक्टरांनी हसून पुढच्या पेशंटला आत बोलावलं. भाऊ बाहेर आला तो शीळ घालत. तीन वर्षांपर्यंत थांबा, हे त्याला औषधासारखं लागू पडलं होतं. ताईच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती. दुधाच्या पिशवीकडे बघतात तेवढं तरी माणसानं त्या पोरीकडे बघायचं होतं. याला डॉक्टर कोणी केलं, आणि केलं तर बघायला का नाही शिकवलं, असं ती रस्ताभर मोठ्यानं बोलत होती, आणि लोक वळून बघत होते. एक भिंगरी तेवढी वळली नाही.

दोन दिवसांनी कोणाला न विचारता तिनं पोरीला उचललं आणि मोठ्या इस्पितळात मुलांच्या डॉक्टरीण बाईंकडे नेलं. ही बाई वेगळी निघाली. तिनं आधी पोरीशी जमिनीवर बसून चाक फिरवलं, आणि मग विचारत गेली. हवी असलेली वस्तू बोटानं दाखवते का? हवी नसली तरी नुसती दाखवायला म्हणून काही आणते का? तुम्ही हसलात की तुमच्याकडे बघून हसते का? तुम्ही बोटानं दाखवलं तर तिकडे बघते का? बाहुलीला भरवते, झोपवते, असं खोटंखोटं काही खेळते का? शब्द यायचे आणि गेले, असं झालंय का?

नाही. नाही. नाही. शेवटच्याला हो. ताईला स्वतःचीच उत्तरं ऐकवेनात. एकेका 'नाही'बरोबर तिचा पारा चढत होता आणि एका क्षणी तिला वाटलं, उठावं आणि या बाईच्या हातातलं ते पेन खिडकीबाहेर फेकून द्यावं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी नीट विचारत होतं आणि राग त्याचाच येत होता.

"ऑटिझम म्हणतात त्याची ही लक्षणं असू शकतात," डॉक्टरीण म्हणाल्या. "आहेच, असं मी आज म्हणत नाही. एवढ्यावरून कोणीच म्हणू नये. आधी कानांची मशीनवर नीट तपासणी करू. आणि आमच्या केंद्रात मुलांचं वागणं, खेळणं, बोलणं सविस्तर बघतात, तिथली वेळ देते. पण थांबू नका. मेंदू कोवळा असतो तोवर शिकवणं सुरू झालं तर पोरीला फार मदत होते."

"आमच्या करवतीच्या आवाजानं झालं हे?"

"नाही. आवाजानं नाही, वाढवण्यातल्या चुकीनं नाही, कोणाच्या पापानं नाही. फक्त तुमच्या घरात ते उशिरा दिसलं असेल. आणि हो, आईवडील दोघांनाही घेऊन या. त्यांच्याशिवाय केंद्रात काम होत नाही."

घोडं अडलं ते तिथंच. जेवताना ताईनं सगळं सांगितलं, आणि सांगताना आवाज खाली ठेवायचा जो काही प्रयत्न केला तो तिच्यापुरता फार मोठा होता. भावाचा हात ताटातच राहिला.

"कोणाला विचारून नेलीस?"

"विचारलं असतं तर नेऊ दिली असतीस?"

"नसती दिली. आज तिथं नाव घालायचं, उद्या सगळ्या गावात होणार. शाळेत घेताना विचारतील, लग्नात विचारतील. माझ्या पोरीच्या कपाळावर शिक्का मारून आणू?"

"अडीच वर्षांची नाही झाली ती, आणि तू लग्नात जाऊन बसलास."

आई मधे पडली. "अगं, हासुद्धा उशिराच बोलला होता."

"उशिरा बोलला. पण हाक मारली की पळून जायचा, म्हणजे ऐकत होता. आणि प्रत्येक कुत्रं, प्रत्येक विमान बोटानं दाखवून डोकं उठवायचा माझं. हिनं आजवर एक तरी दाखवलंय तुला?"

भावजय भांडी आवरत होती, ती आवरतच राहिली. भावाच्या जिभेला जे पहिलं लागलं ते त्यानं फेकून मारलं. "तुला स्वतःचं मूल असतं ना, तर कळलं असतं."

ताईनं तोंडातला घास गिळला, पाणी प्यायली आणि उठली. त्यानंतर दोघांत बोलाचाल बंद. केंद्रातली वेळ आली आणि गेली. ताईनं पुन्हा फोन करून दुसरी वेळ मागितली, ती महिन्यानंतरची मिळाली. हा महिना तिनं कसा काढला ते कामगारांना विचारा. एकाला सांडलेल्या भुशावरून बोलणी बसली, एकाला न सांडलेल्या भुशावरून. सबंध महिना तिच्या डोक्यात एकच गोष्ट. पोर रोज थोडी मोठी होतेय, आणि हा बाप्या शिक्क्याला भिऊन बसलाय.

मोटर केव्हाच परत आली होती, काम जोरात होतं, मागण्या तुंबल्या होत्या. दुसऱ्या वेळेच्या आदल्या सकाळी कामगार आले तर करवतीला पातं नव्हतं. ताईनं ते उतरवून, गुंडाळून, स्वतःच्या खाटेखाली सारलं होतं. पातं बसवून त्याचा ताण जुळवणं तिच्याशिवाय कोणाला जमत नसे. एकदा भावानं जमवायचा प्रयत्न केला होता तेव्हा ते सापासारखं उसळून छपराला चिकटलं होतं, आणि त्यानंतर त्यानं कानाला खडा लावला होता.

"हे काय चालवलंयस?" भाऊ पुढच्या दारातून ओरडला. महिन्याभरात पहिल्यांदा तो तिच्याशी बोलत होता.

"वखार बंद आहे. आईला बोलाव. सगळे इथं बसा."

"ट्रक यायचाय दुपारी."

"ट्रकला थांबता येतं."

आई आली, ओंडक्यावर बसली. दोघं कामगार भिंतीला टेकले. भावजय मधल्या दारात उभी राहिली. भिंगरी नेहमीच्या जागी, सगळ्यांकडे पाठ करून, ट्रॉलीचं सुटं चाक बोटानं फिरवत होती. वखारीत एवढी शांतता होती की चाकाच्या आसाची किरकिर ऐकू येत होती.

"आता मोटर नाही, पातं नाही, काही नाही," ताई भावाला म्हणाली. "मार हाक. उठायचं नाही, थाप मारायची नाही. इथूनच हाक मार आणि तिला तुझ्याकडे बघायला लाव. बघितलं तर मी आयुष्यात पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही. तू म्हणशील तर तुझी माफी मागीन."

कानस माफी मागणार म्हटल्यावर कामगारांनी एकमेकांकडे बघितलं.

भाऊ हसला. हाक मारली, लाडानं, लांबवून. चाक फिरत राहिलं. पुन्हा मारली. आईनं मारली, तिचा तर आवाज पहिल्याच हाकेला चिरकला. एका कामगारानं शीळ घातली. भाऊ पुढे झुकला, त्याचं हसू कधीच गेलं होतं. त्यानं खरं नाव घेतलं, भिंगरी म्हटलं, सोने म्हटलं, राणी म्हटलं. मग त्याचा तोल सुटला आणि गळ्याच्या शिरा ताणून तो असा ओरडला की थप्पीवरचं मांजर उडी मारून पळालं.

भिंगरीनं दोन्ही हातांनी कान घट्ट झाकले. चेहरा वेडावाकडा झाला, रडू फुटलं. पण आवाज कुठून आला, कोणी केला, हे बघायला तिनं मान वळवली नाही.

भाऊ मटकन खाली भुशातच बसला. भावजय धावली, पोरीला उचललं आणि आत घेऊन गेली. ताई भावासमोर उभी होती. तिला त्याची कीव यायला हवी होती, आली नाही.

"महिना खाल्लास तू तिचा," ती म्हणाली. "एक सबंध महिना."

"उद्या किती वाजता जायचंय?" त्यानं खाली बघूनच विचारलं.

केंद्रातली खोली लहान होती. जमिनीवर गादी, एका भिंतीला आरसा, टोपलीत थोडकी खेळणी. तिथल्या मॅडम पन्नाशीच्या, पांढऱ्या केसांच्या, अजिबात घाई नसलेल्या. कानांची मशीनवरची तपासणी त्याच सकाळी झाली होती, कान उत्तम होते. मॅडमनी साबणाचे फुगे उडवले आणि बाटली बंद करून गप्प बसून राहिल्या. भिंगरी आली, त्यांचं मनगट धरलं आणि हात बाटलीवर ठेवला.

"मागतेय बघा," ताई म्हणाली. सवयच ती.

"मागतेय, खरं आहे. पण माझ्या हाताकडे मागतेय. माझ्याकडे बघितलं नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी बाटली डोळ्यांजवळ धरली आणि वाट बघितली. पुष्कळ वाट बघितली. भिंगरीनं अगदी ओझरतं, पापणी लवेल एवढं, वर बघितलं. लगेच फुगे उडाले. पोर खुदकन हसली आणि जागच्या जागी फिरली. भावानं तोंड भिंतीकडे केलं.

"आज नाव देणार नाही," मॅडम म्हणाल्या, "अजून दोनतीनदा बघावं लागेल. पण नावासाठी थांबायचं कारण नाही, काम आजपासून सुरू करू. तुमच्या घरच्या हाका न मारण्याचंही मला नीट सांगा, ते विचारात घ्यावं लागेल. आता एक विचारते. हे पहिल्यांदा लक्षात कधी आलं?"

"मोटर जळाली तेव्हा," ताई तत्काळ म्हणाली. "दोनअडीच महिने झाले. त्यातला एक यानं घालवला. मी त्या दिवशी लगेच..."

"त्याच्या आधी," भावजय म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती गादीच्या कडेला बसली होती, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

"पहिल्या वाढदिवसाच्याही आधी," ती म्हणाली. "दूध पिताना माझ्याकडे बघायची नाही. दुपारी जेवणापुरती मोटर बंद असली की मी आत रोज हाक मारून बघायचे. रोज. मी यांना सांगितलं, हे म्हणाले, तू फार विचार करतेस. आईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, पहिलटकरणींना असंच वाटतं. मग ती 'दे' म्हणायची बंद झाली. 'पापा' म्हणायची बंद झाली. तेव्हा मी वखारीत आले होते, ताई, तुमच्याकडे. म्हटलं, या घरात हे कोणाला तडीला नेता येईल तर तुम्हालाच. मी तुम्हाला सांगितलं, तिचे शब्द गेले. तुम्ही हसलात. म्हणालात, बोलायची गरजच काय हिला."

"करवत चालू असेल," ताई म्हणाली. "मला ऐकू आलं नसेल."

"ऐकू आलं नसतं तर उत्तर कसं दिलंत?"

ताईचा राग उठला, सवयीनं उठला, आणि कोणावर जाऊन पडावं म्हणून खोलीभर बघायला लागला. भावावर पडेना. त्या गल्लीतल्या डॉक्टरवर टाकावा म्हटलं तर तो फार लांब होता, आणि त्यानं तर एकदाच कानाडोळा केला होता. समोर भावजय होती. चार वर्षं एका घरात राहून ताईनं तिचा एवढा आवाज कधी ऐकला नव्हता, आणि तो आवाज रागानं थरथरत होता.

"म्हणजे वर्ष झालं," ताई पुटपुटली.

"वर्षाच्या वर झालं," भावजय म्हणाली. "तुम्ही यांना महिन्याचा हिशेब विचारलात काल, सगळ्यांसमोर. माझ्या पोरीला मधे बसवून सगळ्यांकडून हाका मारवल्यात. मला एकानं म्हटलं नाही, तू मार म्हणून. तुमच्या सगळ्यांच्या आधीपासून मारतेय मी."

मॅडम ताईसमोरून उठल्या आणि भावजयीच्या समोर जाऊन बसल्या. "तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "अगदी जन्मापासून."

भावजय सांगायला लागली. भराभरा, न अडखळता, गाल लाल, डोळे कोरडे. मधे एकदा ताईनं काही म्हणायला तोंड उघडलं.

"माझं होऊ द्या," भावजय तिच्याकडे न बघता म्हणाली.

ताईनं तोंड मिटलं.